विद्यार्थ्यांनी रिटर्न भरायचा नसतो

“विद्यार्थ्यांनी रिटर्न भरायचा नसतो,” आत्या म्हणाली आणि तिने चष्मा डबीत ठेवला. चष्मा डबीत गेला म्हणजे सुनावणी संपली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

भावाची लेक मात्र हलली नाही. ती कॉलेजात कीटकशास्त्र शिकत होती आणि फावल्या वेळात शाळेच्या तक्त्यांसाठी मुंग्या, झुरळं, नाकतोडे काढून देत होती. तक्तेवाल्याने पैसे देताना त्यातून कर कापून घेतला होता. तिची वर्षाची कमाई इतकी चिमुकली, की कर लागायचा प्रश्नच नव्हता. रिटर्न भरला की कापलेले पैसे परत येणार होते आणि त्यातून एक जुना सूक्ष्मदर्शक घ्यायचा होता. रिटर्न भरल्याची पोच दाखवलीस तर पैसे येईपर्यंत थांबतो, नाहीतर महिनाअखेरीला दुसऱ्याला देऊन टाकतो, असं दुकानदाराने स्वच्छ सांगितलं होतं.

“पण आत्या, पैसे माझेच आहेत ना?”

“असतील. पण एकदा का नाव तिथे चढलं, की जन्मभर दरवर्षी भरत बसायचं. शिकतेयस तोवर सुखाने शीक.”

पुढे बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती. आत्याची सारी हयात कर कार्यालयात गेली होती. कुठल्या टेबलावर गेली, हे विचारायचं कधी कुणाला सुचलं नाही. निवृत्त झाल्यापासून सगळ्या नातेवाइकांचे रिटर्न तिच्याकडेच असत. ती कागद घेऊन जायची, ते आठवडाभर मुरू द्यायची आणि मग पोच आणून हातावर ठेवायची. कुणाच्या देखत तिने कधी एक आकडाही भरला नाही. माणसं बघत असली की आकडे बुजतात, असं तिचं म्हणणं. फीचं नाव काढलं तर तिला राग येई. स्वतः मात्र ती चपलांना टाके घालघालून वापरायची. ताईचा हात पहिल्यापासून जरा आखडताच, असं तिचा भाऊ कौतुकाने सांगे.

हा भाऊ म्हणजे लेकीचा बाप. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याचा तिच्यावर जीव होता आणि तिचा त्याला धाकही तितकाच होता. एकदा त्याने शेजाऱ्याकडून कसलासा अर्ज भरून घेतला, तर ती कित्येक महिने त्याच्या घराचा जिना चढली नव्हती. रिटर्न दुसरीकडे भरला हे कळलं, तर ती परत कधी चढेल की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

पण त्या दिवशी लेक काही न बोलता जेवली. भांडली असती तर बापाने निभावून नेलं असतं. निमूट जेवणारी पोर त्याला बघवेना.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक कर सल्लागार होता आणि त्याच्या कचेरीच्या खालीच दातांचा दवाखाना. दुसऱ्याच दिवशी घड्याळजीने दाढ दुखतेय म्हणत गाल धरला. आत्याने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, बरोबर येऊ का विचारलं, आणि मग आपणच म्हणाली, नको, आज मला एक काम आहे. घड्याळजीचा जीव भांड्यात पडला.

बापलेक पोचले त्या सल्लागाराच्या कचेरीत एक बाक होता आणि भिंतीला टेकून फायलींचे ढीग लावलेले होते. कारकुनाने विचारलं, पहिल्यांदाच का? पहिल्यांदाच, घड्याळजी म्हणाला आणि पकडलेल्या चोरासारखा लाल झाला. आत जुनं गिऱ्हाईक आहे, जरा बसा, असं सांगून कारकून पुन्हा कामाला लागला.

घड्याळजीला गप्प बसवेना. कर लागण्याइतकी कमाई नाही अशा विद्यार्थ्यांनी रिटर्न भरावा का, असं त्याने हळूच विचारलं. सक्ती नाही, कारकून म्हणाला, पण कर कापलेला असेल तर भरायलाच हवा, त्याशिवाय दमडी परत येत नाही.

म्हणजे लेक बरोबर होती. ताईची चूक त्याने जन्मात पहिल्यांदा पकडली होती, पण त्याला आनंद काही झाला नाही. उलट भर बाजारात तिच्या अंगावर ओरडल्यासारखं वाटलं.

“चल, जाऊ या,” तो उठत म्हणाला. “सूक्ष्मदर्शक मी घेऊन देतो.”

“कशातून, बाबा?”

हल्ली लोक वेळ फोनवर बघत होते आणि दुकानात दिवसदिवस माशीसुद्धा फिरकत नव्हती. तो परत बसला.

“तिला वाईट वाटेल गं,” तो म्हणाला. “सगळं गाव एकीकडे आणि माझी ताई एकीकडे. तिने आजवर आपल्यासाठी केलं, आणि आपण हे असे लपूनछपून.”

“आपणच सांगू तिला,” लेक म्हणाली. “मी सांगते. ओरडली तर माझ्यावर ओरडेल.”

बापाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. एवढ्यात आतलं दार उघडलं.

रिकामी पिशवी घडी करत आत्या बाहेर आली. समोर भाऊ आणि भाची बघून ती जागच्या जागी थिजली. घड्याळजीचा हात आपसूक गालावर गेला, तोही चुकीच्या.

तिच्या मागोमाग सल्लागार दारापर्यंत पोचवायला आला होता. बाकावर कोण बसलंय याची त्याला कल्पना नव्हती, त्यामुळे त्याचं आतलं बोलणं चालूच होतं.

“मॅडम, इतकी वर्षं सगळ्या नातेवाइकांचे रिटर्न माझ्याकडून भरून घेताय, प्रत्येकाची फी स्वतःच्या पेन्शनमधून देताय, आणि त्या एका भाचीला मात्र विद्यार्थ्यांनी भरायचा नसतो म्हणून सांगून टाकलंत? आणा तिचे कागद, तिची फी मी घेत नाही, मग तर झालं?”