ज्येष्ठमधाची कांडी

तीन महिन्यांत तिसऱ्यांदा मायाक्काचं बीपी चढलेलं निघालं. दर वेळी डॉ. वैजयंती गोळीचा डोस वाढवत होती. आज मात्र तिनं पेन खाली ठेवलं.

"मावशी, गोळी चुकवता का?"

"एक दिस न्हाय."

"मीठ?"

"तुमी सांगितल्यापासनं कालवण अळणीच."

"दुसरं कुठलं औषध?"

"न्हाय वो."

बोलता बोलता मायाक्काला कोरडी ढास लागली. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात ती शिलाईला बसायची. तिथल्या बायकांना खोकला असायचाच, म्हणून वैजयंतीनं तो कधी लिहूनही घेतला नव्हता. मायाक्कानं कनवटीची पुरचुंडी सोडून लाकडाची कांडी काढली आणि दाढेखाली धरली.

"हे काय?"

"ज्येष्ठमध. खोकल्याला लई गुण येतो. घ्या की."

"रोज चघळता?"

"दिसभर."

"आणि मघाशी औषध नाही म्हणालात?"

"ह्ये कुटलं औषध? झाडाचं मूळ हाय."

वैजयंती खुर्चीत पुढं सरकली. कोडं सुटलं होतं. "मावशी, बीपी यानंच चढतंय! आजपासून बंद."

"मग खोकल्याला काय करू?"

"तो टॉवेलच्या तुसाचा आहे. कामावर तोंडाला फडकं बांधा. कधीपासून आहे?"

मायाक्कानं आठवून बघितलं.

"कारखान्यात ईस वर्सं झाली, कधी नव्हता. तुमी ती बीपीची गोळी चालू केल्यापासनं लागलाय की."