पावट्यावरचा मावा

आषाढात क्रांतीनं आपल्या हातानं टोकलेला पावटा पौषात मांडवभर फुलला, आणि नेमकं तेव्हाच दोन दिवस आभाळ आलं. तिसऱ्या सकाळी शेंड्याशेंड्यावर काळा मावा चढलेला दिसला. त्याच सकाळी क्रांती बाहेर बसली. आता चार दिवस तिला पडवीची पायरी उतरून परड्यात जायचं नव्हतं.

“आत्ती, मावा पुसाय पायजे. न्हाईतर समदं फूल गळंल,” ती सासूला म्हणाली.

“माझा हात पुरतोय व्हय मांडवाला?” राहीबाई म्हणाल्या. “आन् तू पायरी उतरू नगंस. पाळीतल्या बाईची सावली पडली की येल जळतो.”

दुसऱ्या दिवशी राहीबाई पलूसच्या बाजाराला गेल्या. क्रांतीनं पुढच्या दाराला कडी घातली, पायरी उतरली, आणि स्टुलावर चढून, लेकराचं तोंड पुसावं तसा एकेक शेंडा साबणाच्या पाण्यानं पुसून काढला.

पाचव्या दिवशी न्हाऊन ती परड्यात आली. मांडव नव्या फुलांनी पांढरा झाला होता आणि राहीबाई आकडीनं वेल ओढून ओटीत आधीच्या बहराच्या शेंगा भरत होत्या.

“बघ,” त्या म्हणाल्या, “चार दिस तुझी सावली न्हाई, तर माव्याचं नावबी ऱ्हायलं न्हाई.”

क्रांतीनं वाकून खाली पडलेल्या दोन शेंगा उचलल्या आणि त्यांच्या ओटीत टाकल्या.

“फुडच्या महिन्यापास्नं पाच दिस बसत जा,” राहीबाई मायेनं म्हणाल्या.