एकशे एकावा ग्राहक

डेटाबेस सर्व्हर किती भार झेलतो ते तपासायला मी शंभर खोटे ग्राहक, म्हणजे त्यातल्या नोंदी मागणारे छोटे प्रोग्रॅम, सोडले. पडद्यावर मोजले, तर एकशे एक!

“पाहुणा आलाय, चहा टाक!” आमच्या विभागप्रमुख ताई खळखळून हसल्या.

मी चाचणी थांबवली. शंभर गेले, एक राहिला. तो एकच नोंद सारखी उघडून बघत होता. ‘ढेरपोटे मामा’. चाचणीच्या यादीसाठी हे नाव सकाळी मीच गंमत म्हणून रचलं होतं.

“बिचारे मामा! आपण अजून यादीत आहोत ना, ते बघतायत,” ताई म्हणाल्या. “चल, भूक लागलीय. पूस सगळी यादी.”

यादीत दहा हजार रचलेली नावं होती. मी हसत हसत बटणाकडे बोट नेलं.

बोट टेकायच्या आतच पडद्यावर एकाचे दहा हजार झाले. प्रत्येक जण आपापली नोंद घट्ट धरून बसला होता.