उष्टे आंबे

"व्यंकटी, टाक तो!"

धुरपताबाईंचा आवाज असा चढला की व्यंकटीचा हात तोंडाजवळच थांबला. हातात झाडाखाली पडलेला पिवळाजर्द आंबा होता, एका बाजूनं वटवाघळानं कुरतडलेला.

"आक्का, एकच खातो. किती वर्षं झाली."

"न्हाई म्हणलं की न्हाई." त्यांनी जवळ येऊन त्याच्या हातावर चापटी मारली. आंबा मातीत पडला. नांदेडला रेल्वेत नोकरी करून रिटायर झालेला माणूस लहान पोरासारखा बहिणीकडं बघत राहिला.

कालच तो उमरीजवळच्या या गावी आला होता. सकाळी उठला तो चूळही न भरता आंब्याखाली गेला. लहानपणी दोघं अशीच यायची. आमराई तेव्हा मालकाची. झाडाला हात लावला तर मार बसायचा. पण वटवाघळांनी रात्री खाऊन टाकलेल्या आंब्यांना कोणी विचारत नसे. दातांची जागा नखानं काढायची आणि उरलेला चोखायचा. मायच्या वाट्याला कोयच यायची. आता त्यातली दोन-तीन झाडं धुरपताबाईंच्या मुलानं घेतलेल्या तुकड्यात होती.

"बुद्धप्रिया सांगती, वटवाघळांच्या लाळंत रोग असतो. तिकडं केरळात माणसं गेली." बुद्धप्रिया त्यांची सून, सरकारी दवाखान्यात नर्स होती.

"आपण कुठं मेलो?"

"मायला ठाऊक असतं, तर तिनं खाऊ दिलं असतं का रं?"

व्यंकटीनं मातीतला आंबा पायानं बाजूला सारला.

धुरपताबाईंनी हातात प्लास्टिकची पिशवी चढवली, उष्टे आंबे गोळा करून खड्ड्यात पुरले. स्वतःचे हात साबणानं धुतले, त्यालाही धुवायला लावले. मग आकडीनं झाडावरचा एक पिकला आंबा उतरवला, धुऊन त्याला दिला.

त्यानं देठाचा चीक पिळून टाकला आणि आंबा चोखायला लागला. रस कोपरापर्यंत ओघळला.

"गोड हाय?"

"हाय." कोय चोखून झाल्यावर तो म्हणाला, "पण ती चव न्हाई, आक्का."

"न्हाईच येत. मी बी बघितलं खाऊन."

बांधावरच्या चिंचेवर वटवाघळं उलटी लटकून झोपली होती. एखादं मधूनच पंख झाडत होतं.

"मग फटाके लावून हाकलावीत की ही."

"गावातले तेच म्हणून राहिले होते. बुद्धप्रिया म्हणली, छेडली की रोग जास्तच पसरतो. चिंचेखाली जाऊ नका, उष्टं खाऊ नका, बास." धुरपताबाईंनी डोळ्यांवर हात धरून चिंचेकडं बघितलं. "मी बी म्हणलं, राहू द्या. आपल्याला कोणी आंबा देत नव्हतं, तवा यांनीच टाकला ना रं?"