दुसरा ब्रेक

विमावाल्याने तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला. "गाडी नक्की चालवणार कोण, मॅडम?"

"ज्यांना चालवता येत नाही त्या," बाई म्हणाल्या.

की-बोर्डवरची त्याची बोटं थबकली.

बाई गाडी शिकवायच्या. इतकी वर्षं दुसऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, दुसऱ्याच्या खटाऱ्यात बसून शिकवलं. आता कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली होती आणि जुन्या मालकाला चार गोष्टी सुनावून नोकरीवर लाथ मारली होती. उद्या सकाळपासून स्वतःचा क्लास. काही बायकांनी नावंही दिली होती, त्यांत पहिलं नाव थोरल्या जाऊबाईंचं. गाडी धुऊनपुसून शोरूमच्या मागच्या आवारात उभी होती. पण कर्जाची गाडी. पूर्ण विमा उतरवल्याशिवाय बँक किल्ली हातात पडू देईना.

सकाळपासून बाईंनी फोनवर एकेक कंपनी पालथी घातली होती. एकीने 'शिकाऊ' हा शब्द ऐकताच फोन ठेवला. दुसरीने इतक्या गोड आवाजात इतका हप्ता सांगितला, की आपण चुकून गाडीचीच किंमत विचारली की काय असं बाईंना वाटलं. तिसरीने गाणं ऐकवलं, आणि ते संपल्यावर तेच परत ऐकवलं. शेवटी झक मारत त्या शोरूमच्याच कोपऱ्यातल्या या टेबलाशी येऊन बसल्या.

विमावाला माणूस तसा वाईट नव्हता. शिकवणीच्या गाड्यांचा वेगळा रकाना त्याने शोधून काढला. हप्ताही आवाक्यातला निघाला. बाईंचा जीव भांड्यात पडला. मग त्याने शोरूमने पाठवलेले गाडीचे फोटो मोठे करून पाहिले.

"हे काय आहे, शेजारच्या सीटपुढे?"

"ब्रेक. शिकवणाऱ्याचा. तुमच्याच मेकॅनिककडून कालच बसवून घेतला."

"अरेरे." तो खुर्चीत मागे टेकला. "म्हणजे मूळ गाडीत बदल केलात. सिस्टीम घेणार नाही."

"अहो, त्याच ब्रेकने अपघात टळतात!"

"मला पटतं हो. सिस्टीमला पटत नाही."

"मग शिकवणीच्या गाड्यांचा रकाना ठेवलाय कशाला? मी काय देवाचं नाव घेत शिकवू?"

"रकाना आहे ना," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "फक्त गाडीत बदल नको."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. तेवढ्यात फोन वाजला. जाऊबाई. "अगं, गाडी शिकायला म्हणून नवे बूट घेतले मी! उद्या किती वाजता येऊ?"

"कळवते," म्हणून बाईंनी फोन पालथा ठेवला.

विमावाल्याने आवाज खाली आणला. "एक करा. आज ब्रेक काढून टाका. मी नवे फोटो घेतो, पॉलिसी निघते. उद्या परत बसवा. सगळेच करतात."

"आणि उद्या काही झालं, तर कंपनी भरपाई देईल?"

त्याने टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं. "काही होईलच कशाला? तुम्ही एवढ्या अनुभवी."

नाही म्हणायला बाईंनी तोंड उघडलं, पण डोळ्यांपुढे जुन्या मालकाचा चेहरा आला. उद्या गाडी निघाली नाही तर तो गावभर सांगेल, बाईंची हौस फिटली म्हणून. बायकाही त्याच्याच खटाऱ्यात जाऊन बसतील. संताप संताप झाला त्यांचा, आणि तो काढायला समोर हा एकच माणूस, तोही बिचारा मदत करणारा.

"चला, बघू या," त्या म्हणाल्या.

गाडी सावलीत उभी होती. फोटोसाठी उजेडात घ्यायला हवी होती. बाईंनी हात पुढे केला तर त्याने किल्ली मागे घेतली. "विमा नसताना तुमच्या हातात देता येत नाही, मॅडम. मीच काढतो." बाई मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसल्या.

तो बोलतच होता. आरसा न बघता त्याने गियर टाकला. "दहा मिनिटांचं काम. मेकॅनिक घरचाच आहे. कुणाला कळणारसुद्धा..." गाडी हिसका देऊन सुटली. समोर शोरूमची भलीमोठी काच, आणि काचेमागे नव्या गाडीला टेकून फोटो काढून घेणारं एक कुटुंब. त्याचा पाय ब्रेकवर जायचा तो ॲक्सिलरेटरवर पडला.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांचा पाय आपसूक खाली गेला. गाडी गचके खात काचेपाशी थांबली. आतलं कुटुंब अजून कॅमेऱ्याकडे बघून हसत होतं. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

विमावाल्याने स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं. त्याने बाईंच्या पायाखालच्या ब्रेककडे पाहिलं.

"हा... हा काढावाच लागेल हो, मॅडम. फोटोपुरता तरी."

"आधी तुम्ही उतरा," बाई म्हणाल्या. "तुम्ही उतरल्याशिवाय मी पाय उचलणार नाही."