हौदावरची मोटर

"ताई, आज तू तोंड उघडायचं नाहीस. काहीही झालं तरी."

मोटरीचे झाकण आवळताना भावाने हे वर न बघताच सांगितले. तिला वास आला होता. ताज्या व्हार्निशचा तो वास ती जन्मापासून ओळखत होती. वडील जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरून देत, आता भाऊ देत असे, आणि माहेरच्या उशांनासुद्धा तोच वास येई. रंगाच्या कारखान्यात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या यंत्राला तो येण्याचे कारण एकच असू शकत होते, आणि ते कारण तिच्या पाठीवर जन्मले होते.

तिचा नवरा इथले रंगाचे हौद साफ करायचा. हौदात रंगाची विषारी वाफ साचते. ती बाहेर ओढणारा पंखा या मोटरीवर फिरतो, म्हणजे फिरायला हवा. मोटर जळाली आहे, हे तो मालकांना महिनोन् महिने सांगत राहिला. एका सकाळी तो हौदात उतरला, तो वर आलाच नाही. मालकांनी अंत्यविधीला डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी जाहीर केले की पंखा ठणठणीत होता, माणूसच पिऊन आला होता. ज्याने आयुष्यात थेंबाला शिवले नाही, त्याला मेल्यावर दारुडा ठरवायला फारशी विद्वत्ता लागत नाही. पोटासाठी माना डोलावणारी चार माणसे पुरतात, आणि ती कुठल्याही कारखान्यात हजेरीपटावर असतातच.

तेव्हापासून तिच्या मुलीला शाळेत 'बेवड्याची पोर' म्हणत होते. ती दारोदार फिरली. मोटर जळालेली होती, एवढेच ती प्रत्येक टेबलापुढे सांगायची. अखेर आज सरकारी तपासनीस येणार होता. मोटर फिरली नाही, तर नवऱ्यावरचा डाग पुसला जाणार होता. फिरली, तर तो कायमचा राहणार होता.

"तूच भरलीस ना?" तिने दबक्या आवाजात विचारले.

"मीच. मालकांनी बोलावलं होतं, सुट्टीच्या दिवशी."

"आणि तू गेलास! ज्यानं तुझ्या भाऊजींना खाल्लं, त्याच्या दारात. काय कबूल केलंय त्यानं? नोकरी?"

"कायमची."

"घे मग. गळ्यात बांधून मिरव."

"ताई, मोटर चालायलाच हवी."

"कुणाला हवी? मला?"

तेवढ्यात मालक तपासनिसाला घेऊन आत आले. "या साहेब. आणि हा आमचा मोटरवाला. गेलेल्या माणसाचा सख्खा मेव्हणा, बरं का! मीच म्हटलं, तपासणी त्याच्याच हातून होऊ दे. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

तपासनीस कमी बोलणारा होता. "ही उघडली होती कधी? दुरुस्ती वगैरे?"

"छे हो! माझ्या वडिलांच्या वेळची मोटर. आजवर तिला हात लावावा लागलेला नाही. त्या दिवशी होती तशीच आज आहे."

"तसं लिहू?"

"लिहा की. सही करतो."

मालकांनी झोकात सही केली. तिच्या जिभेवर शब्द आले. वास घ्या, एवढे दोनच शब्द. पण ते उच्चारले की मालकांच्या आधी बेड्या पडणार होत्या भावाच्या हातात. भावाने मान वर करून तिच्याकडे पाहिले. तिने ओठ मिटले, आणि त्या मिटण्याची तिला शिसारी आली.

भावाने हाताने दांडा फिरवून पाहिला. तो अडखळला नाही. मग त्याने तारांना टेस्टर लावला. "वाइंडिंग ठीक आहे. बॉडीला करंट येत नाही. लावा चालू."

"थांब, थांब. बटण माझ्या खोलीत आहे," मालक खिशातून किल्ली काढत म्हणाले. "कुलपात ठेवतो, साहेब. कामगारांच्या हाती दिलं की पंखा दिवसभर भणभणत राहतो आणि बिल आमच्या बोडक्यावर! मी दाबल्याशिवाय इथं काही फिरत नाही."

ते खोलीत गेले. मोटर क्षणभर घुमली, थरथरली आणि तिने वेग घेतला. पंख्याने धूळ उधळली. हौदातला कोंदट वास मागे हटला आणि थंड वारा तिच्या तोंडावर आला. एवढाच वारा तिच्या नवऱ्याने मागितला होता. ती भिंतीला टेकून खाली बसली.

मालक हात चोळत परत आले. "झालं समाधान? उगाच तुम्हाला हेलपाटा. चला, चहा घेऊ."

तपासनीस हलला नाही. "काल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना भेटलो. दारूचा मागमूस नाही म्हणाले. माणूस वाफेनं गुदमरला."

"असेल बुवा. नशीब एकेकाचं."

"पंखा फिरत असता तर वाफ साचली नसती. म्हणजे तो फिरत नव्हता." त्याने सहीवर बोट ठेवले. "जळालेली मोटर असती, तर हलगर्जीपणा म्हणून सोडलं असतं. पण ती धडधाकट होती. मग माणूस हौदात असताना तुम्ही बटण का दाबलं नाहीत?"

मालकांनी वळून भावाकडे पाहिले. तो चिंधीने एकेक बोट सावकाश पुसत होता. मग मालकांनी तपासनिसाचे दोन्ही हात घट्ट धरले.

"साहेब, पोराबाळांची शपथ, मोटर जळालेली होती हो!"