लिहिण्याची टोपी

रिकाम्या थिएटरात एकटीने पाहिलेला विनोदी चित्रपट मृणालिनीला इतका आवडला, की तिने त्याच्या दिग्दर्शकालाच घरी बोलावलं. ते येईपर्यंत त्या चित्रपटावर चार ओळी लिहाव्यात म्हणून तिने नवी टोपी घातली. त्याबरोबर लिहिण्याच्या आड येणारं सगळं दिसेनासं, ऐकू येईनासं झालं. फोन गेला, खिडकी गेली, नवरा हेरंबही गेला.

लेख संपवून तिने टोपी काढली, तर हेरंब कपाळाला हात लावून बसलेला.

“दिग्दर्शक येऊन गेले. तासभर तुझ्यासमोर बसले होते. त्यांचा चहाही तू उचलून प्यायलीस!”

“अगं बाई! टोपीने चहा तेवढा दिसू दिला वाटतं. रागावले का रे?”

“छे! आपल्या सिनेमात कोणी इतकं बुडालेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. डोळे पुसत, तुला वाकून नमस्कार करून गेले.”